थंड हवेचा हिशेब : प्रस्तावना

आजच्या मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये ज्वलनकक्षातून बाहेर पडणारा वायू १६०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो. त्याच्या वाटेत सर्वांत आधी उभी असते ती स्थिर पात्यांची, म्हणजे व्हेनची ओळ, आणि तिच्या मागोमाग फिरत्या पात्यांची, म्हणजे ब्लेडची. ही पाती निकेलच्या ज्या मिश्रधातूंतून ओतलेली असतात, ते १३०० ते १४०० अंशांच्या दरम्यान वितळू लागतात. तरीही ती हजारो तास काम देतात, कारण त्यांच्या पोटातून अखंड हवा खेळवलेली असते. ही हवा कॉम्प्रेसरमधून काढून घेतात. तिला थंड म्हणायचे ते तुलनेने. मोठ्या दाबाच्या यंत्रात तीही सहाशे-सातशे अंशांची असते. पात्याच्या आतल्या वळणावळणाच्या नळ्यांतून ती फिरते, अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि धातू व तप्त वायू यांच्यामध्ये एक पातळ पडदा धरते. या शेवटच्या युक्तीला फिल्म कूलिंग म्हणतात.

पाते कसे वाचते याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वाचण्याची किंमत काय, कोण मोजते आणि कुठे मोजते, हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रगत यंत्रांत कॉम्प्रेसरमधून जाणाऱ्या हवेपैकी पाचवा हिस्सा, कधी त्याहून अधिक, थंड करण्याच्या आणि फटी बंद राखण्याच्या कामी खर्ची पडतो. ती दाबण्यासाठी टर्बाइननेच कमावलेले काम वापरलेले असते. शिवाय ही हवा मुख्य प्रवाहात परत मिसळते, तेव्हा ती प्रवाहाला अडवते, वळवते, घुसळते आणि थंड करते. या सगळ्यातून जो वायुगतिक तोटा होतो, तो अभियंत्याला पात्याचा आराखडा काढतानाच ठाऊक असायला हवा. छिद्रे कोरून झाल्यावर त्यांची जागा बदलता येत नाही.

हे क्षेत्र नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट २६२ या जर्मन विमानाला बसवलेल्या युमो ००४ एंजिनाच्या पुढच्या आवृत्त्यांत पोकळ, हवेने थंड केलेली पाती होती. तिथे हेतू वेगळा होता: निकेलसारखे दुर्मीळ धातू वाचवायचे आणि साध्या पोलादावर भागवायचे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये याच तंत्राकडे उलट्या बाजूने पाहिले गेले. चांगला धातू हाताशी असताना पाते थंडही केले, तर वायूचे तापमान किती वर नेता येईल, असा तो प्रश्न होता. रोल्स-रॉइसच्या कॉन्वे एंजिनाबरोबर थंड केलेली पाती प्रवासी विमानांत आली. तेव्हापासून ज्वलनकक्षाचे तापमान वाढतच गेले आहे, आणि त्या वाढीतला मोठा वाटा धातुशास्त्राइतकाच या हवेचाही आहे.

तोट्याचे गणित मात्र आधी थंड न केलेल्या पात्यांवर बसवले गेले. डी. जी. एन्ली आणि जी. सी. आर. मॅथिसन यांनी १९५१ मध्ये अक्षीय टर्बाइनची कार्यक्षमता आधीच अजमावण्याची जी पद्धत मांडली, तिच्यावर पुढे अनेकांनी दुरुस्त्या चढवल्या, पण तिचा सांगाडा आजही ओळखता येतो. तोट्याचे तीन भाग पाडायचे: पात्याच्या पृष्ठावरील घर्षणाचा आणि त्याच्या मागे पडणाऱ्या सुस्त पट्ट्याचा, प्रवाहमार्गाच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींपाशी होणारा, आणि टोकावरच्या फटीतून निसटणाऱ्या वायूचा. केंब्रिजच्या जॉन डेंटन यांनी १९९३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले की अनेक यंत्रांत या तिन्हींचा वाटा साधारण सारखा, प्रत्येकी एक तृतीयांश असतो. त्याच निबंधात त्यांनी हेही बजावले की हे तीन भाग एकमेकांपासून खरोखर सुटे नाहीत. तोटा म्हणजे शेवटी एंट्रॉपीची निर्मिती. ती कुठे होते, कशामुळे होते, हे विचारा, म्हणजे गुणांकांच्या जंगलात वाट चुकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला या विषयात शिरायचे आहे त्याने तो निबंध एकदा भराभर आणि एकदा पेन्सिल घेऊन वाचावा. त्याला पर्याय नाही.

आता पाते थंड करू या. हवा सोडण्याआधीच तोटा वाढलेला असतो, ही गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पात्याची मागची कड जितकी पातळ तितका तिच्या मागचा सुस्त पट्टा अरुंद. पण कडेतून हवा बाहेर काढायची तर तिथे दोन भिंती हव्यात, मध्ये फट हवी, आणि भिंती ओतण्याजोग्या जाड हव्यात. म्हणजे कड जाड होते. पुढच्या टोकाशी उष्णता सर्वांत जोराने आदळते, म्हणून तिथली गोलाई मोठी ठेवतात. एकूण पातेच जाडजूड होते, आणि प्रत्येक पात्याला हवा पुरवायची असल्याने पात्यांची संख्या शक्य तितकी कमी ठेवण्याकडे कल राहतो, मग प्रत्येकावरचा भार वाढतो. हवेचा नळ बंद ठेवून चाचणी घेतली तरी हा आकाराचा भुर्दंड पदरी पडतोच. थंड पात्याचा तोटा मोजताना कशाशी तुलना करायची, हा प्रश्न इथेच पहिल्यांदा उभा राहतो. याच आकाराच्या, पण छिद्रे बुजवलेल्या पात्याशी? की थंड करायचेच नसते तर काढला असता त्या सडपातळ पात्याशी? दोन्ही तुलना प्रामाणिक आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येतात.

आता हवा सोडा. पात्याच्या अंगावरची छिद्रे साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटर व्यासाची, पृष्ठाशी तीस-पस्तीस अंशांचा कोन करून कोरलेली असतात. प्रत्येक छिद्रातून एक झोत निघतो. तो मुख्य प्रवाहात शिरतो, वाकतो, पसरतो आणि थोड्याच अंतरात मिसळून जातो. या मिसळण्यात काय गमावले जाते ते समजायला कराडचा प्रीतिसंगम पुरेसा आहे. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र होऊन काटकोनात वळतात. पावसाळ्यात घाटावरून ती घुसळण पाहिलेल्याला मिश्रणाचा तोटा वेगळा शिकवावा लागत नाही. एकाच दिशेने, जवळपास सारख्या वेगाने शेजारी शेजारी वाहत आलेले दोन प्रवाह मात्र शांतपणे एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडे पाणी तेवढेच असू शकते, गमावलेली गतिज ऊर्जा तेवढी नसते.

या निरीक्षणाला अ‍ॅशर शपिरो यांच्या संपीड्य प्रवाहावरील १९५३ च्या ग्रंथात गणिती रूप मिळाले, आणि जे. ई. हार्टसेल यांनी १९७२ मध्ये ते थंड केलेल्या पात्यांना लावून दाखवले. समीकरण एका ओळीत मावते. मुख्य प्रवाहाच्या एकूण दाबात पडणारी सापेक्ष घट ही थंड हवेचे प्रमाण, मुख्य प्रवाहाच्या माख अंकाचा वर्ग, विशिष्ट उष्मांच्या गुणोत्तराचा अर्धा भाग आणि एक कंस यांच्या गुणाकाराइतकी असते. कंसात आहे: एक, अधिक दोन्ही प्रवाहांच्या एकूण तापमानांचे गुणोत्तर, उणे झोताच्या प्रवाहदिशेतील वेगाचे मुख्य वेगाशी असलेले गुणोत्तर दुप्पट करून. बस्स.

आकडे घालून पाहू, कारण आकड्यांशिवाय हे समीकरण कोणाच्या अंगात भिनत नाही. मुख्य प्रवाहाच्या १ टक्का हवा सोडली. तिचे निरपेक्ष तापमान मुख्य वायूच्या निम्मे. दोघांचा एकूण दाब सारखा धरला तर झोताचा वेग मुख्य वेगाच्या सुमारे ०.७ पट येतो. विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर १.३ घेऊ. पात्याच्या पाठीवर, जिथे माख अंक ०.९ आहे, तिथे ही हवा पृष्ठाला लंब सोडली तर एकूण दाब सुमारे ०.८ टक्क्याने घटतो. तीच हवा, त्याच जागी, तीस अंशांच्या कोनात सोडली तर घट येते सुमारे ०.१५ टक्का, म्हणजे पाचवा हिस्सादेखील नाही. आणि तीच हवा पुढच्या टोकापाशी, माख अंक ०.२ असताना, अगदी लंब सोडली तरी घट फक्त ०.०४ टक्का. माख अंकाचा वर्ग काय करतो ते इथे दिसते.

आराखडे काढणाऱ्यांची एक जुनी सवय यातून उलगडते. पात्यांमधला मार्ग जिथे सर्वांत अरुंद होतो त्या गळ्याच्या पुढे, पाठीच्या बाजूला, ते छिद्रांची ओळ टाळतात. तिथे वेग सर्वांत अधिक, म्हणून हवा सर्वांत महाग. शिवाय तोवर शांत राहिलेला सीमास्तर, म्हणजे पृष्ठालगतचा मंद थर, छिद्रांच्या ओळीमुळे वेळेआधीच खवळतो आणि घर्षण वाढते. पुढच्या टोकाशी मात्र छिद्रांच्या चार-पाच ओळी झारीसारख्या दाटीने असतात, आणि हिशेबात त्या जवळजवळ फुकट दिसतात.

दिसतात, असे मुद्दाम म्हटले आहे. ती हवा खरोखर फुकट आहे का, याचे उत्तर देण्याआधी मागच्या कडेकडे जायला हवे, कारण तिथे हिशेबाची गल्लत सर्वांत सहज होते.

पात्यांची एक सरळ रांग वाऱ्याच्या बोगद्यात बसवलेली आहे असे समजा. या मांडणीला कॅस्केड म्हणतात. मागच्या कडेपासून थोड्या अंतरावर एक बारीक नळी, दाब मोजणारी, पात्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत न्यायची. मोकळ्या मार्गात एकूण दाब जवळपास आत आला तेवढाच भरतो. नळी कडेच्या मागे आली की आलेखात खळगा पडतो, आणि ती पुढे सरकली की आलेख पुन्हा वर येतो. त्या खळग्याची खोली आणि रुंदी हाच पात्याचा तोटा. आता मागच्या फटीतून हवा सोडायला लागा, मुख्य प्रवाहाच्या दोन-तीन टक्के. खळगा भरू लागतो. हवेचा दाब आणखी वाढवा, तर खळग्याच्या जागी एक उंचवटासुद्धा उभा राहू शकतो. मग तोट्याचा गुणांक काढताना फक्त मुख्य प्रवाहाचा आत येणारा एकूण दाब आधाराला घेतला, तर हवा सोडल्याने तोटा कमी झाला असे उत्तर येते. पुरेशी हवा सोडली तर तोटा ऋणदेखील येतो.

यात मोजणीची चूक काहीच नाही. नळी खरे तेच सांगते. चूक आहे ती जमेच्या बाजूची: फटीतून आलेल्या हवेनेही स्वतःचा एकूण दाब बरोबर आणला होता आणि तो दाब कॉम्प्रेसरकडून विकत घेतलेला होता, हे वहीत लिहिलेच गेले नाही. ते लिहिले की गुणांक पुन्हा धन होतो. खळगा भरल्यामुळे मागच्या कडेपाशी थोडा खरा फायदाही होऊ शकतो, कारण कडेच्या मागचा दाब सावरतो आणि सुस्त पट्टा अरुंद होतो. पण तो फायदा किती आणि नुसता उसना दाब किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या आलेखाला अर्थ नाही. जुने शोधनिबंध वाचताना विद्यार्थ्याने सर्वांत आधी गुणांकाची व्याख्या शोधावी, आकृत्या नंतर पाहाव्यात. एकाच चाचणीचे आकडे दोन व्याख्यांनी मांडले की चांगले पाते वाईट आणि वाईट पाते चांगले दिसू शकते.

संपूर्ण टर्बाइनच्या कार्यक्षमतेबाबतही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. प्रत्यक्ष मिळालेले काम अंशस्थानी, यावर वाद नाही. छेदस्थानी आदर्श काम. ते कोणाचे? मुख्य वायू आणि प्रत्येक थंड प्रवाह आपापल्या दाबापासून स्वतंत्रपणे आदर्शरीत्या प्रसरण पावला असता तर मिळाले असते ते? की आधी सगळे प्रवाह मिसळले असे मानून मग? मिसळले तर कोणत्या दाबाला? जे. बी. यंग आणि जे. एच. हॉर्लॉक यांनी २००६ मध्ये या व्याख्या एकमेकींशेजारी ठेवून तपासल्या. एकाच यंत्राच्या कार्यक्षमतेत व्याख्येगणिक जो फरक पडतो, तो तसाच फरक प्रत्यक्ष सुधारून मिळवायला एखाद्या चमूची काही वर्षे जातात.

आता त्या फुकट दिसणाऱ्या हवेकडे. वरच्या समीकरणात तापमानाचे गुणोत्तर कंसात अधिक चिन्हाने येते. म्हणजे झोताचा वेग तोच राहिला तर हवा जितकी थंड तितकी एकूण दाबातली घट कमी. हे ऐकून बरे वाटते, पण निम्म्या तापमानाची हवा तप्त वायूत मिसळताना दोघांमध्ये उष्णतेची जी देवाणघेवाण होते, ती उलटवता येत नाही. तीही एंट्रॉपी निर्माण करते, आणि तिचे प्रमाण लहान नाही. वरच्याच उदाहरणात, १ टक्का हवेसाठी, ती एकूण दाबाच्या घटीच्या भाषेत मांडली तर ढोबळमानाने ०.८ टक्का भरते. म्हणजे वेगवान जागी लंब सोडलेल्या झोताच्या तोट्याइतकी, आणि नीट कोनात सोडलेल्या झोताच्या तोट्याच्या पाचपट. शिवाय तिच्यावर कोनाचा काही परिणाम होत नाही. हवा कुठेही सोडा, कशीही सोडा, ती शेवटी मुख्य वायूच्या तापमानाला येणारच.

ही एंट्रॉपी वायुगतिक तोट्यात धरायची का? जाणकारांमध्ये दोन मते आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. यंग आणि आर. सी. विल्कॉक यांनी २००२ मध्ये दोन भागांत लिहिलेल्या निबंधात गतिज ऊर्जेच्या विरण्याने आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीने होणारी एंट्रॉपीनिर्मिती काळजीपूर्वक वेगळी केली. पात्याचा आराखडा काढणाऱ्याच्या हातात पहिली आहे. हवेचे प्रमाण एकदा ठरले की दुसरी ठरून जाते, मग तिच्यासाठी त्याला जबाबदार का धरायचे, असे एक मत. ती संपूर्ण यंत्राच्या चक्राच्या हिशेबात धरावी, पात्याच्या नव्हे. दुसरे मत असे, की एंट्रॉपी ही एंट्रॉपी. वहीच्या कोणत्या पानावर लिहिली यावर इंधनाचे बिल ठरत नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. दोन्ही वेगळ्या लिहाव्यात, पण एकाच पानावर. कारण हवेचे प्रमाण आधीच ठरलेले असते हे गृहीतकच खरे नाही. ते याच टेबलावर, याच लोकांच्या निर्णयांतून ठरते. ज्याला फक्त गतिज तोटा दिसतो, तो पुढच्या टोकाशी आणखी एक ओळ सहज वाढवतो, कारण तिथे हवा ०.०४ टक्क्याला मिळते. खरी किंमत त्याच्या कित्येक पट आहे, ती फक्त दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

पसरट तोंडाच्या छिद्रांचे उदाहरण घ्या. साधे गोल छिद्र झोताला वेगाने बाहेर फेकते. हवेचा जोर थोडा जास्त झाला की झोत पृष्ठावरून उचलला जातो, खाली तप्त वायू शिरतो आणि पडदा फाटतो. १९७० च्या दशकात आर. जे. गोल्डस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की छिद्राचे तोंड पंख्यासारखे पसरवले तर झोत मंदावतो, पृष्ठाला धरून राहतो आणि आडवा पसरतो. आज बहुतेक प्रगत पात्यांवर अशीच छिद्रे असतात. पण झोत मंदावला म्हणजे कंसातील वजाबाकी घटली, आणि पसरट तोंडातला अंतर्गत तोटाही आला. नुसता गतिज तोटा पाहणारा म्हणेल, गोल छिद्र बरे. उष्णतेवाला म्हणेल, पसरट छिद्राने कमी हवेत काम भागते. कमी हवा म्हणजे मिश्रणाची एंट्रॉपी कमी आणि कॉम्प्रेसरचे वाया गेलेले कामही कमी. दोघांचे आकडे एका पानावर आले की बहुधा पसरट छिद्र जिंकते. ते आले नाहीत तर वाद चालू राहतो, आणि प्रयोगशाळांमध्ये तो पुष्कळ वर्षे चाललाही.

भिंतींपाशी आणि टोकांपाशी जे घडते त्यासाठी पुस्तकात स्वतंत्र भाग आहे. इथे थोडक्यात. प्रवाहमार्गाच्या भिंतीलगतचा मंद वायू दोन पात्यांमधल्या दाबाच्या फरकाने आडवा ओढला जातो आणि गुंडाळून भोवरा बनतो. फिरत्या चकतीच्या आणि स्थिर भागाच्या मधल्या फटीत तप्त वायू घुसू नये म्हणून तिथून हवा सोडावी लागते. ही हवा फिरकीत कमी असते आणि नेमकी त्या भोवऱ्याच्या तोंडाशी येते, त्यामुळे भोवरा बळावतो. मोजून मापून सोडलेल्या हवेने त्याला आवरही घालता येतो, आणि या बाबतीत अजून बरेच काम व्हायचे आहे. फिरत्या पात्यांत आणखी एक खर्च असतो: आत शिरणाऱ्या हवेला चकतीच्या वेगाला आणावे लागते. म्हणून तिला आधीच फिरकी देणारी तोंडे बसवतात.

मोजणीच्या अडचणीही या क्षेत्राच्या स्वभावाचा भाग आहेत. खऱ्या यंत्रात थंड हवेची घनता तप्त वायूच्या जवळपास दुप्पट असते. प्रयोगशाळेत दोन्ही प्रवाह सामान्य तापमानाचे ठेवले तर हे गुणोत्तर एक होते, आणि झोताचा वेग व संवेग यांचे नाते बिघडते. यावर उपाय म्हणून हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड, किंवा ऑक्सफर्डमध्ये केल्याप्रमाणे आर्गॉन आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडचे मिश्रण सोडतात. घनता जमते, पण आता बाहेर पडणाऱ्या वायूत दोन वेगळे पदार्थ आहेत आणि नळीच्या आकड्यांचा अर्थ लावताना तेही धरावे लागते. संगणकावर प्रत्येक छिद्राभोवती बारीक जाळी विणणे आता शक्य आहे, पण शेकडो छिद्रांच्या संपूर्ण पात्यासाठी आणि रोजच्या आराखड्यासाठी ते अजून जड जाते. शिवाय सरासरी काढणारी नेहमीची प्रक्षुब्धता-प्रारूपे झोताचे आडवे पसरणे कमी दाखवतात. म्हणूनच हार्टसेल यांचे अर्ध्या शतकापूर्वीचे समीकरण अजून वापरात आहे. ते मागे पडलेले नाही. ते फसते कधी, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न मराठी वाचकाला पडू शकतो. उरणच्या वायू विद्युत केंद्रात १९८० च्या दशकापासून गॅस टर्बाइन चालू आहेत. गुहागर तालुक्यात अंजनवेलला मोठे संयुक्त चक्राचे केंद्र उभे आहे. अशा केंद्रांची कार्यक्षमता कुठवर गेली आहे पाहा. फ्रान्समधील बुशँ येथील केंद्राने २०१६ मध्ये ६२.२२ टक्के गाठले, आणि जपानमधील निशी-नागोयाने २०१८ मध्ये ६३.०८. साठवरून एकसष्टावर जाणे म्हणजे तेवढ्याच विजेसाठी सुमारे १.६ टक्का कमी इंधन. आयात केलेला वायू जाळणाऱ्या देशात ही बचत किरकोळ नाही. विमानांच्या बाजूने पाहिले तर बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेत कावेरी एंजिनावर काम झाले, आणि हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेली एकस्फटिकी पाती २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सोपवली गेली. धातू आणि ओतकाम यांत पाऊल पुढे पडले आहे. पण कोणी पाते विकले तरी छिद्रे तिथेच का, याचा हिशेब कोणी विकत नाही. तो आपला आपणच करावा लागतो, आणि तो करणारी माणसे घडवावी लागतात.

ती माणसे दोन खोल्यांत वाटलेली आहेत, हे मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे दुखणे वाटते. एका खोलीत उष्णतेचे जाणकार. त्यांना धातूचे तापमान चिंतेत ठेवते, आणि ती चिंता खरी आहे: पात्याच्या तापमानाचा अंदाज तीस अंशांनी चुकला तरी त्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. म्हणून ते थोडी हवा हातची राखून मागतात. दुसऱ्या खोलीत वायुगतिकीवाले. ते दिलेली हवा निमूटपणे घेतात आणि तिचा तोटा कमीत कमी करू पाहतात. राखीव म्हणून मागितलेल्या त्या हवेची किंमत दोघांच्याही कागदावर नीट उमटत नाही. आपल्या अभ्यासक्रमांतही उष्णतावहन आणि टर्बाइनची वायुगतिकी हे विषय वेगवेगळ्या सत्रांत, बहुधा वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. हे पुस्तक दोन्ही खोल्यांतल्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवण्यासाठी लिहिले आहे. पदवीच्या पातळीवरचे ऊष्मागतिकी आणि द्रवगतिकी येत असेल तर कुठलेही प्रकरण अडणार नाही. संपीड्य प्रवाह विसरला असेल तर दुसरे प्रकरण त्याची उजळणी करून देते. ज्यांना वीजकेंद्रात प्रत्यक्ष काम करून पात्यांची जळकी, झिजलेली रूपे ठाऊक आहेत, त्यांनी सरळ मागच्या कडेवरच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यांच्या हाताशी असलेला अनुभव विद्यापीठांकडे नाही, आणि त्यांनी त्यावर लिहावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

एक सूचना मात्र सर्वांना. पुस्तकात कुठेही तोट्याचा आकडा आला की पुढे वाचण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे समासात लिहा: हा तोटा कोणत्या आदर्शाच्या तुलनेत काढला, थंड हवेचा दाब जमेला धरला का, आणि तापमानाच्या मिश्रणाची एंट्रॉपी आत आहे की बाहेर. एखाद्या आकड्यापाशी ही उत्तरे सापडली नाहीत, तर ती माझ्या लिखाणातली उणीव समजा आणि मला कळवा. तिसऱ्या प्रकरणातले एका ओळीचे समीकरण मात्र नियंत्रित आकारमानावर संवेग आणि ऊर्जा मांडून स्वतःच्या हाताने काढा, आणि मगच चौथ्या प्रकरणाला हात घाला.